तिसरीच्या वर्गातले नांगे

मागे एका खरिपाच्या तोंडावर आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका गावात फवारणीच्या खबरदारीची बैठक होती. जागा नेहमीचीच, जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. पंचवीस-तीस शेतकरी, चार-दोन मायमाउल्या आणि भोवती शाळेची पोरे. औषधाच्या डब्यासोबत येणारे माहितीपत्रक हातात धरून मी बोलत होतो. चष्मा घरी विसरलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या पाचवीतल्या मुलाला पुढे केले. ''आमचं पोरगं वाचतंय की साहेब. वाच रं बाळा, मोठ्यानं.'' मुलाने कागद धरला, ओठ हलले, आवाज काही निघेना. शेवटी डब्यावरच्या त्रिकोणावर बोट ठेवून म्हणाला, ''लाल हाय.''

माहितीपत्रकाची छपाई मुंगीच्या पायाएवढी असते, त्यात त्याचा दोष नाही, असे म्हणून मी भिंतीवरचा सुविचार वाचायला सांगितला. पाच-सहा शब्दांचा, ठळक अक्षरांतला. तोही जमला नाही. बाप ओशाळला. त्याने वर्गातून मुलाची वही आणवली. अक्षर मोत्यासारखे! पानेच्या पाने भरलेली, खाली लाल शाईतली सही. ''बघा, एवढं लिहितंय.'' खरेच लिहीत होता, पण फळ्यावरचे पाहून. अक्षरांची चित्रे काढीत होता म्हणा. बाराखडी म्हणायला सांगितली तर क का कि की पासून न अडखळता धावला. मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवून 'हे काय?' विचारले की गाडी थांबली.

ते पोर मठ्ठ नव्हते. मोबाइलवर बापाची ई-पीक पाहणी तेच भरते. कोठे दाबायचे ते खुणेने त्याला पाठ आहे.

कृषी खात्याच्या माणसाने शाळेत नाक का खुपसावे, असे कुणी विचारील. तर त्याचे कारण हाच डबा आहे. विषाची तीव्रता वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण छापतात. पण औषध पंपाला किती घालायचे, फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा, अंगावर सांडले तर डॉक्टरला काय सांगायचे, हे त्रिकोण सांगत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, सगळा दोष निरक्षरतेवर टाकणे अन्यायाचे होईल. पण डब्यावरचे वाचून वापरणारा माणूस आणि दुकानदाराने सांगितले तेवढ्यावर विसंबणारा माणूस यांत फरक पडतोच. विम्याची पावती, बँकेचा कागद, मुकादमाच्या उचलीचा कागद, सगळीकडे हीच गत. पूर्वी अंगठा होता, आता सही आहे. पण सही ठोकणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसेल, तर ती सही अंगठ्याहून फार वेगळी नाही.

उगवण तपासता, मग हे का नाही?

घरचे सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून गुंडाळतो, सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजतो. सत्तरच्या वर आले तर एकरी तीस किलो बियाणे, कमी आले तर त्या मानाने वाढवायचे. ही चाचणी आता बहुतेक गावांत शेतकरी स्वतः करतात. करायला पैसा लागत नाही आणि फसवणूक टळते.

मुलांच्या वाचनाचीही अशीच चाचणी आहे. 'प्रथम' ही मुंबईत १९९५ च्या सुमारास उभी राहिलेली संस्था. तिच्या पुढाकाराने २००५ पासून देशभर 'असर' नावाची पाहणी होते. पाहणी करणारे शाळेत नाही, घरोघर जातात. मुलापुढे एक कागद धरतात. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीची चार वाक्ये आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मूल जिथे थांबेल ती त्याची पातळी. वर्ग कोणताही असो.

२०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या दर शंभर मुलांमागे साधारण २३ मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. २०१८ मध्ये हा आकडा २१ होता, कोरोनानंतर २०२२ मध्ये तो १६ वर घसरला होता. म्हणजे घसरण भरून निघाली, थोडी वाढही झाली, हे मान्य करावे लागेल. पण पाचवीत गेल्यावरही शंभरात ४५ च वाचतात. आपला महाराष्ट्र या सरासरीच्या वर आहे. तरी वर म्हणजे किती वर? सोयाबीनची उगवण अशी आली असती तर आपण पोती घेऊन दुकानदाराच्या दारात बसलो असतो.

सरकारला हे कळलेले नाही असे नाही. ५ जुलै २०२१ रोजी केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, मिनिटाला किमान ६० शब्द, असे उद्दिष्ट ठेवले आणि मुदत ठरवली २०२६-२७. राज्यात त्याआधी, २०१५ मध्ये, 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला होता. शासन निर्णयांची वाण नाही.

तिसरीच का, याचे उत्तर शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. कपाशीत नांगे पडले तर ते आठ-दहा दिवसांत भरायचे. महिन्याने लावलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटते. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून पुढे वाचून शिकायचे असते. परिसर अभ्यास वाचायचा, गणितातले शाब्दिक उदाहरण वाचायचे. आपण ज्याला 'गणितात कच्चा' म्हणतो त्या पोराला पुष्कळदा बेरीज येते, उदाहरणच वाचता येत नाही. आणि चौथी-पाचवीत 'क'ला काना 'का' शिकवायला कोणाच्या वेळापत्रकात जागा नसते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. तेव्हापासून पालकांत एक समज पसरला की नापास करीत नाहीत म्हणून पोरे शिकत नाहीत. २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. आणली ते ठीक. पण पाचवीला नापास करणे म्हणजे वेचणीच्या वेळी नांगे मोजणे झाले.

दोष कोणाचा?

गावात विचाराल तर उत्तर तयार असते, ''मास्तर शिकवत नाहीत.'' काही शिकवत नाहीत, हे खरे. पण मी ज्या शाळा पाहतो त्यांत बहुतेक दोन शिक्षकी आहेत. चार वर्ग, दोन गुरुजी. त्यातला एक माहिती भरायला मोबाइल घेऊन बसलेला, दुसरा पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहिताना. २०२३ मध्ये राज्यात वीसहून कमी पटाच्या शाळाच सुमारे पंधरा हजार होत्या.

मला जास्त खटकते ती शिकवण्याची रीत. आपण सगळे 'अ अननसाचा'वर वाढलो. आमच्या पट्ट्यात अननस कोणी पाहिलेला नसतो तो भाग वेगळा. पण अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरे ओळीने घोकायची, मग बाराखड्या घोकायच्या, मग शब्द, असा हा मार्ग आहे. 'ङ' आणि 'ञ' घोकण्यात दिवस जातात, जी अक्षरे पोराला पुस्तकात शोधूनही क्वचित सापडतील. महिनोन् महिने त्याच्या हाती एकही अर्थाचा शब्द लागत नाही. वाचन कशासाठी करायचे हेच त्याला कळत नाही.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी हा क्रम मोडला. मूळच्या अमेरिकन, इथल्याच झाल्या, १९८४ मध्ये त्यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था काढली. (फलटणच्या निंबकरांचे नाव शेळ्या-मेंढ्या आणि करडईच्या संशोधनामुळे आमच्या खात्यात सर्वांना ठाऊक असते. या संस्थेची शाळा त्याच घरातल्या कमला निंबकर यांच्या नावाची आहे.) त्यांची रीत थोडक्यात अशी, की सगळी अक्षरे एकदम नाहीत. थोड्या अक्षरांचा गट घ्यायचा, सोबत एखादी मात्रा लगेच द्यायची आणि त्यातून शब्द करायचे. समजा क, म, र, ल, न आणि काना एवढेच घेतले. मका, रान, माल, कान, काम, नाना, मामा हे शब्द झाले. 'नाना, काम कर' हे वाक्यसुद्धा झाले. पाच अक्षरांत पोर वाचू लागले! आठवड्याभरात त्याला चव कळते, मग पुढची अक्षरे ते मागून घेते.

मराठी लिपी तशी इमानी आहे, लिहिले तसे बहुतेक वाचायचे. इंग्रजीसारखा घोळ नाही. पण पोरासाठी तिच्यातही खड्डे आहेत, ते आपल्याला सवयीने दिसत नाहीत. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी येते आणि उच्चार नंतर. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा, अक्षर मात्र एकच. आणि र तर बहुरूपी. चक्रात खाली तिरपा, राष्ट्रात टोपी उलटी करून बसलेला, वऱ्हाडात आडवा, आणि कर्जात थेट डोक्यावर. (कर्ज म्हटल्यावर तो तिथेच बसणार!) हे एकेक करून, सवडीने, पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. एकदा फळ्यावर लिहून पुढे गेले की अर्धा वर्ग मागे राहतो.

बोलीचेही तसेच. घरी 'पानी', पुस्तकात 'पाणी'. घरी 'व्हतं', पुस्तकात 'होतं'. 'होतं' पाहून पोर 'व्हतं' म्हणाले तर त्याने अर्थ समजून वाचले आहे, शाबासकी द्यायला हवी. तिथे छडी उगारली की ते गप्प बसते आणि मग गप्पच राहते. तांड्यावरच्या मुलाची तर घरची भाषाच वेगळी. पहिलीत आल्यावर त्याला मराठी ऐकायला शिकायचे असते, आपण थेट लिहायला बसवतो.

या पार्श्वभूमीवर २०२५ चा गोंधळ आठवा. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलून पुन्हा निघाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मोर्चे, चर्चा, वर्तमानपत्रांचे रकाने, सगळे झाले. हिंदी हवी की नको यावर प्रत्येकाने मत दिले. पण पहिलीतले पोर मराठी तरी वाचते का, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. दुसरीकडे ऐपत असो नसो, गावोगाव लोक इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत मुले बसवीत आहेत. फीसाठी उसनवारी होते. त्यातली काही मुले छान शिकतात, नाही असे नाही. पण मी अशीही पाहिली आहेत की जी इंग्रजी कविता म्हणून दाखवतात आणि मराठी किंवा इंग्रजी एक ओळ वाचू शकत नाहीत.

मिनीकिट वाटून भागत नाही

उपाय माहीत नाही अशी परिस्थिती नाही. 'प्रथम'ने जे केले ते अगदी साधे आहे. दिवसातला एक-दीड तास वर्ग विसरायचे. तिसरी, चौथी, पाचवीची मुले एकत्र करायची आणि पातळीप्रमाणे गट पाडायचे. अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली एकीकडे, गोष्टवाली वेगळी. प्रत्येक गटाला त्याच्या पुढच्या पायरीचे शिकवायचे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळाले. त्यांच्या सहकाऱ्यांसह त्यांनी ही पद्धत आपल्या देशात बरीच वर्षे तपासून पाहिली. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. काही ठिकाणी शाळांना फक्त साहित्य वाटले, तिथे फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनीच दिवसातला ठरावीक तास यासाठी राखला, देखरेख करणारे नियमित शाळेत आले, तिथे वाचन सुधारले.

हे वाचून मला आमची मिनीकिटे आठवली. बियाण्याची पिशवी वाटली, फोटो काढला, यादी वर पाठवली. पुढे कुणी शेतात फिरकले नाही तर त्या पिशवीची भाकरी होते. जिथे प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर पेरणीपासून काढणीपर्यंत माणूस चारदा गेला, तिथेच शेजारचा शेतकरी पुढल्या वर्षी तसे करतो. शाळेतही तेच. पेटी आली, पेटीला कुलूप लागले. किल्ली कोणाकडे, माहीत नाही. गोष्टींची पुस्तके फाटतील म्हणून कपाटात ठेवणाऱ्या शाळेपेक्षा पुस्तके फाटलेली शाळा मला बरी वाटते.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधल्या साध्या जिल्हा परिषद शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी करून दाखवले होते. खडे, काड्या, जमिनीवर आखलेले तक्ते, मुले गटात बसून एकमेकांना शिकवताहेत. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परत येऊन अनेकांनी फरशीवर तसेच तक्ते रंगवले. रंग अजून आहे, वर कोणी बसत नाही, अशा फरशाही मी पाहिल्या आहेत.

ट्रॅक्टर दारात आला की

आमच्या भागाचे दुखणे याहून वेगळे आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परततात पाडव्याच्या आसपास. जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोराची सुटी अक्षरे दिवाळीपर्यंत होत येतात. मात्रा, जोडाक्षरे यांचा खरा भर त्यानंतर असतो, आणि नेमका तेव्हा ट्रॅक्टर दारात उभा. पाडव्याला ते परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला, त्याची अक्षरेही निम्मी विसरलेली. पुढच्या वर्षी दुसरी, पुन्हा तेच. अशी चार वर्षे काढलेले मूल पाचवीत काय वाचणार? हजेरीपटावर मात्र त्याचे नाव पहिल्यापासून असते.

यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहते, जेवणाची सोय शाळेच्या पातळीवर होते. योजना चांगली आहे. पण टोळी गेल्यावर पंधरा दिवसांनी वसतिगृह सुरू झाले तर त्याचा उपयोग काय? मूल उसाच्या फडात पोहोचलेले असते. यादी भादव्यातच तयार पाहिजे. कोणते घर जाणार हे गावात सर्वांना माहीत असते, मुकादमाला तर उचल दिल्याच्या दिवसापासून माहीत असते. आणि ज्यांना जावेच लागते त्यांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेता येते. कार्डावर वर्ग लिहिलेला असतो. त्याच्यासोबत एका ओळीची चिठ्ठी द्यावी की याला शब्द येतात, वाक्य येत नाही. तिथल्या गुरुजींचे एक काम वाचेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, हे कायद्यातच आहे. माझ्या पाहण्यात या समितीच्या बैठकीत बोलले जाते ते संरक्षक भिंत, शौचालय आणि रंगकाम यांवर. वाचनाचा विषय निघत नाही, कारण पालकांना वाटते तो आपला प्रांत नव्हे. उगवण चाचणी तरी कुठे आपला प्रांत होता? एका रविवारी मंदिरात किंवा पारावर बसून गावातली तिसरी ते पाचवीची मुले एकेक करून तपासता येतात. बाजारातले पुस्तक नको, दुसरीच्या पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला उतारा पुरे. एका मुलाला पाच मिनिटे लागतात. चारचौघांत नको, बाजूला घेऊन, नाहीतर पोर बुजते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून गोष्टींची पुस्तके घेण्याचा विचार ग्रामसेवकांनी जरूर करावा. शिलाई यंत्रे बरीच वाटून झाली.

त्या डब्याच्या गावात आम्ही हे करून पाहिले. सरपंच तयार झाले, समितीच्या दोन बायका पुढे आल्या. गुरुजी आधी रागावले, ''आमची तपासणी कृषी खातं करणार का?'' चहा झाल्यावर निवळले, आणि यादी पाहून म्हणाले की हे मला आधीपासून माहीत होते, कुणी विचारले नाही एवढेच. बावीस मुले होती. गोष्ट वाचणारी सहा. बारावी झालेल्या दोन मुली संध्याकाळी दिवेलागणीला तासभर बसतात, एक अक्षरवाल्यांना घेऊन, एक शब्दवाल्यांना. मानधन नाही, ते द्यायला हवे, ग्रामसभेत विषय ठेवला आहे. दिवाळीपर्यंत गोष्टवाली अकरा झाली.

लाल त्रिकोण ओळखणारे पोर तेव्हा शब्दांवर आले होते. 'सोयाबीन' आणि 'फवारणी' वाचायला लागले होते, 'प्रमाण' अडत होते. वसतिगृहाच्या यादीत त्याचे नाव होते, पण वसतिगृह सुरू व्हायच्या चार दिवस आधी त्याची टोळी निघाली. ते आणि त्याची धाकटी बहीण दोघेही गेले. माझ्याकडच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'शब्द' आणि तिच्यापुढे 'अक्षर' लिहिलेले आहे. पाडव्याला आल्यावर पुन्हा तपासायचे ठरले आहे.